सक्तीचा पश्चात्ताप

उत्तर लंडनमधला पेंटनव्हिल तुरुंग १८४२ मध्ये सुरू झाला. तिथल्या प्रार्थनेला शेकडो कैदी हजर असत, पण शेजारी कोण उभा आहे हे एकालाही दिसत नसे. प्रत्येकासाठी लाकडी फळ्यांचा वेगळा खण होता आणि त्यातून समोरचा पाद्री तेवढा नजरेस पडे. कोठडीपासून तिथवर येताना टोपीची झडप तोंडावर ओढलेली असे. तिला डोळ्यांपुरती दोन भोकं. नाव जाऊन त्या जागी नंबर आलेला. तेरा फूट लांब आणि सात फूट रुंद कोठडीत काम, जेवण, बायबल आणि झोप. मुदत अठरा महिने, मग ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत रवानगी.

छळ करायचा म्हणून हे कुणी योजलं नव्हतं. योजणारी माणसं स्वतःला दयाळू समजत, आणि आधीच्या कारभाराकडे पाहिलं तर त्यांचं फारसं चुकतही नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशीची तरतूद होती. दुकानातून पाच शिलिंगांचा माल उचलणं हा त्यातलाच एक. जॉन हॉवर्डने १७७७ मध्ये छापलेली तुरुंगांची पाहणी केली, तेव्हा तिथे तापाच्या साथीत कैदी मरत होते आणि निर्दोष सुटलेला माणूसही जेलरची फी भरली नाही म्हणून आत अडकून पडत होता. १८१३ मध्ये क्वेकर पंथाची एलिझाबेथ फ्राय लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेली, तेव्हा बायका आणि त्यांची लहान मुलं एकाच गर्दीत कोंबलेली तिला दिसली. पुढे फाशीचे गुन्हे कमी होत गेले आणि १८२९ मध्ये लंडनला पगारी पोलीस आले. पकडलेल्यांचं करायचं काय, हा प्रश्न आता तुरुंगावर येऊन पडला.

धर्मनिष्ठ सुधारकांचं उत्तर सरळ होतं. चोरालाही आत्मा असतो आणि सदसद्विवेक ही देवाने माणसात ठेवलेली वाणी आहे. वाईट संगतीच्या गलक्यात ती ऐकू येत नाही. गलका थांबवा, हातात बायबल द्या, पाद्री पाठवा. बाकीचं देव पाहील. कालपर्यंत ज्याचा देह फक्त लटकवायचा होता, त्याच्या आत्म्याची चिंता आता राज्यसंस्था करू लागली.

तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमला हा आत्मा लागतच नव्हता. त्याच्या मते शिक्षा हेच मुळात एक दुःख. त्याहून मोठं दुःख टळत असेल तरच ते समर्थनीय. सतत नजरेखाली ठेवणाऱ्या गोलाकार तुरुंगाचा त्याचा आराखडा सरकारने बांधला नाही. पण पेंटनव्हिलच्या मधल्या दालनात उभं राहिलं की चहूकडे फुटलेल्या पाखांवर एकदम नजर ठेवता येई. दोन तत्त्वज्ञानं अशी एका छपराखाली नांदू लागली.

पण इथेच ख्रिस्ती धर्माच्या दृष्टीने एक गाठ बसते. ज्या ख्रिस्ती परंपरेतून हे सुधारक आले, तिच्या शिकवणीत कृपा ही देवाची देणगी. ती ना कमावता येते, ना वेळापत्रकाने आणता येते. संन्यासीही कोठडीत राहतो, पण आपण होऊन. शिवाय पेंटनव्हिलच्या पश्चात्तापाला भाव होता. अठरा महिने चांगले काढणाऱ्याला ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत पोचताच बरीचशी मोकळीक मिळे. वागणूक खराब ठरलेल्याच्या वाट्याला तिथेही सक्तमजुरी येई. मग खरा अनुतापी आणि कसलेला ढोंगी यांत पाद्र्याने फरक करायचा कसा? डिकन्सने ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’च्या शेवटाकडे दोन आदर्श अनुतापी कैदी दाखवले आहेत. ते निघतात कादंबरीतले दोन पक्के लबाड.

याहून मोठी अडचण वेगळीच होती. ल्यूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदार पश्चात्ताप करतो तो येशूचं घरी स्वागत करताना, लोकांची कुजबुज चालू असताना. अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करायचं तो कबूल करतो. शेजाऱ्यावर प्रेम कर ही येशूच्या दोन थोर आज्ञांपैकी एक. पेंटनव्हिलने शेजारीच काढून टाकला. ज्याचं घड्याळ चोरलं त्याला ते परत करण्याची सोय कोठडीत नव्हती. तरीही कैद्यांनी शेजारी शोधलाच: स्तोत्रं गाताना सुरांच्या आडून ते एकमेकांशी बोलून घेत.

काहींची मनं मोडली. मुदत पुढे नऊ महिन्यांवर आली, मुखवटे आणि खणही गेले. पण कोठडी राहिली आणि तिच्यातून धर्माचा हेतू हळूहळू ओसरला. १८६० नंतर सरकारचा भर जरब बसवण्यावर आला. १८७७ च्या कायद्याने सगळे स्थानिक तुरुंग सरकारकडे गेले आणि तुरुंगप्रमुख एडमंड ड्यू केनच्या हाताखाली कष्ट, निकृष्ट अन्न आणि फळीची शेज हीच शिस्त ठरली. काही दळायचं नसतानाही चक्राच्या पायऱ्या चढत राहायचं, ही त्यातली एक सजा. १८९५ च्या ग्लॅडस्टन समितीने सुधारणेचं उद्दिष्ट पुन्हा जरबेच्या बरोबरीला आणलं. १८९८ च्या कायद्यानंतर ही चक्रं बंद पडली.

कोठडी मात्र तोवर समुद्रापार गेली होती. अंदमानचं सेल्युलर जेल १९०६ मध्ये पुरं झालं, तेही मधल्या मनोऱ्याभोवती पाखं पसरून. एका पाखाचा दर्शनी भाग दुसऱ्याच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्या मराठी वाचकाला ती कोठडी आणि तो तेलाचा कोलू ओळखीचे आहेत. पेंटनव्हिलमध्ये निदान एवढं गृहीत होतं की आतला माणूस स्वतःला कधीतरी दोषी मानेल. १९११ मध्ये अंदमानात उतरलेले सावरकर आणि त्यांच्यासारखे राजबंदी आपला गुन्हा हा गुन्हा मानतच नव्हते, आणि त्यांनी कोणापाशी पश्चात्ताप करायचा याचं उत्तर त्या इमारतीच्या कोणत्याच नियमात नव्हतं.