अंथरूण कोणाचें, पाय कोणाचे?

नीतीचे प्रश्न मोठ्या प्रसंगींच उपस्थित होतात, अशी आपल्यांतील पुष्कळ सुशिक्षितांची समजूत असते. रणांगणावर धनुष्य खालीं ठेवलेला अर्जुन किंवा विषाचा पेला हातीं घेतलेला सॉक्रेटीस, हीं चित्रें डोळ्यांपुढें ठेवूनच आम्ही अध्यापक मंडळी कर्तव्याकर्तव्याची चर्चा करीत असतों. परंतु गेल्या उन्हाळ्यांत कागदाच्या एका तावावर मांडलेल्या आंकड्यांनीं मला असा प्रश्न घातला कीं, तीस वर्षें या विषयावर व्याख्यानें देऊनहि त्याचें उत्तर मजजवळ तयार नव्हतें. तो कागद म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या दुरुस्तीचें अंदाजपत्रक होय.

आमची पुण्यांतील सदनिका २६ वर्षांची जुनी आहे. स्वयंपाकघर ९ फूट लांब, ८ फूट रुंद. ओट्याचा कडप्पा एका कोपऱ्यांत तडकला होता, खालच्या कपाटांना वाळवी लागली होती आणि नळाकडील भिंतीस ओल आली होती. ठेकेदारानें एकंदर ३,४०,००० रुपयांचा अंदाज दिला व मीं तो मान्य केला. काम सुरू झालें, भिंत फोडली, आणि आंतील लोखंडी नळ गंजून पार सडलेला आढळला. सारें नळकाम नव्यानें करण्याचे ४२,००० रुपये वाढले. 'घर पहावें बांधून' असें आपले पूर्वज म्हणत आले, तें कांहीं उगाच नव्हे.

या वाढीचा दोष ठेकेदारावर ढकलणें सोपें होतें. परंतु तें खरें झालें नसतें. डॅनियल काहनमन व एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनीं योजना आंखतांना होणाऱ्या या विशिष्ट प्रमादाकडे १९७९ सालीं लक्ष वेधलें. आणि काहनमन यांनीं आपल्या २०११ सालच्या ग्रंथांत त्याचें उदाहरण म्हणून स्वयंपाकघरच घेतलें आहे. अमेरिकेंत ज्यांनीं आपल्या स्वयंपाकघरांचें नूतनीकरण केलें, त्यांची २००२ सालीं पाहणी झाली. त्यांना अपेक्षित असलेला खर्च सरासरी १८,६५८ डॉलर होता. प्रत्यक्षांत तो ३८,७६९ डॉलर झाला. माणूस आपल्या स्वतःच्या योजनेच्या चित्रांत इतका रमतो कीं, तसेंच काम केलेल्या इतरांस काय अनुभव आला हें तो विचारीतच नाहीं. आमच्याच इमारतींत, खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडीं, दोन वर्षांपूर्वीं हेच नळ सडलेले निघाले होते. मला तें ठाऊक होतें. तरीहि अकल्पित खर्चासाठीं शेंकडा दहा रुपयांची देखील तरतूद मीं ठेवली नाहीं. कारण लहान आंकडा डोळ्यांस गोड दिसत होता. याला मी अज्ञान म्हणणार नाहीं. हा स्वतःशींच बोललेला एक सोयीचा असत्यालाप होय.

तथापि माझी खरी परीक्षा पुढेंच होती. वाढलेले ४२,००० रुपये कोठून तरी भरून काढावयाचे होते. एके रात्रीं लेखणी घेऊन मी बसलों आणि तीन बाबींवर काट मारली. गॅसच्या शेगडीवरील धूर व वाफ बाहेर ओढून घेणारा पंखा आणि त्याची तारजोडणी, रुपये ६,५००. ओट्याखालीं पुढें ओढतां येणाऱ्या ट्रॉल्यांऐवजीं साध्या फळ्या, बचत रुपये १७,५००. आणि मागील ड्राय बाल्कनींत, जेथें भांडीं घासलीं जातात तेथें, उंच कट्टा व त्यावर धुण्याची जागा, रुपये १८,०००. बेरीज बरोबर ४२,००० आली. काटकसरीच्या समाधानानें मी तो कागद सौभाग्यवतींच्या हातीं दिला.

त्यांनीं तो शांतपणें वाचला. मग म्हणाल्या, "अहो, तुम्हीं खोडलेल्या या तीन गोष्टींपैकीं एकीचा तरी त्रास तुम्हांला व्हायचा आहे का?"

मीं कागद परत घेतला. पंखा नसता तर उन्हाळ्यांत पोळ्या लाटतांना घाम त्यांना आला असता. ट्रॉल्या नसत्या तर मागचा डबा काढण्यासाठीं गुडघे त्यांनीं टेकले असते. कट्टा नसता तर भांडीं घासावयास येणाऱ्या बाई पूर्ववत् ओल्यांत बसल्या असत्या. मीं मात्र कपाटांच्या चकचकीत दारांचे ६५,००० रुपये तसेच ठेवले होते. कारण दिवाणखान्यांतील माझ्या खुर्चीवरून तीं समोरच दिसणार होतीं.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों व ती सद्गुणाची परिसीमा मानतों. परंतु तिच्यांत एक गृहीतकृत्य दडलेलें आहे. अंथरूण एकाचें व त्यावर निजणाराहि एकच, असें ती धरून चालते. कुटुंबाचें अंथरूण अनेकांचें असतें. तें अपुरें पडलें म्हणजे कोणाचे तरी पाय आंखडतात. आणि ते कोणाचे आंखडावे, हें बहुधा ज्याच्या हातीं लेखणी असते तो ठरवितो. आपलें पागोटें जुनें वापरून पैसा राखणारा मनुष्य काटकसरी खरा. पण दुसऱ्याच्या गुडघ्यांवर व पाठीवर पैसा राखणाऱ्यास तें नांव कसें द्यावें? संयम हा ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो. दुसऱ्याकडून परस्पर करविलेला संयम ही केवळ आपली सत्ता होय.

व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञानें १८९९ सालच्या आपल्या ग्रंथांत असें नमूद केलें आहे कीं, माणसाच्या जीवनाचा जो भाग इतरांच्या दृष्टीस पडतो तो झगझगीत असतो, आणि घरांतील खासगी भाग त्या मानानें ओबडधोबड राहतो. आपलें जुनें स्वयंपाकघर असेंच होतें. माजघराच्या मागें, अंधारांत, चुलीच्या धुरानें काळवंडलेल्या भिंतींचें. पाहुण्याची नजर तेथें पोंचत नसे, म्हणून खर्चहि पोंचत नसे. आतां आधुनिक सदनिकांत तें दिवाणखान्याच्या शेजारीं येऊन बसलें आहे. त्यामुळें पैसा तेथें पोंचला खरा, पण तो पुष्कळदां दर्शनी भागावरच थांबला. दारांना तकाकी आली. दारांमागें वाकणाऱ्या माणसाचा विचार मागेंच राहिला.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, सौंदर्य ही देखील मनुष्याची गरजच आहे. तें मला सर्वथैव मान्य आहे. परंतु माझ्या डोळ्यांच्या सुखाची किंमत दुसऱ्याच्या अंगानें चुकती केली, तर तें सौंदर्य उधारीचें ठरतें. दुसरा आक्षेप असा कीं, मोल घेऊन काम करणाऱ्यानें कष्ट सोसलेच पाहिजेत. कष्ट, होय. पण मोलानें आपण श्रम विकत घेतों. जी हालअपेष्टा टाळतां येण्याजोगी आहे, ती त्या व्यवहारांत समाविष्ट नसते.

मग उपाय काय? केवळ सदिच्छा पुरेशी नाहीं. ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांनीं १९२६ सालीं फ्रांकफुर्ट येथील नव्या वसाहतींसाठीं एक स्वयंपाकघर रचलें. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. हालचाली व त्यांस लागणारा वेळ यांचा हिशेब घेऊन प्रत्येक वस्तूची जागा ठरविलेली. सुमारें १०,००० घरांत तें बसविलें गेलें. गृहिणीचे श्रम वांचावे हाच त्यामागील हेतु होता, आणि आजच्या ओट्या-कपाटांचा तो एक पूर्वज होय. तरीहि त्या अरुंद जागेंत दुसरें माणूस धड मावत नसे, आणि गृहिणी एकटी पडते अशी टीका त्यावर पुढें झाली. ती रचना करण्यापूर्वीं घर चालविण्याचा किंवा रांधण्याचा अनुभव आपणांस नव्हता, असें त्या बाईंनींच मागाहून सांगितलें. ज्याचे हात तेथें राबतात, त्याला विचारल्यावांचून थोरांचें मोजमापहि अपुरें पडतें.

म्हणून आम्हीं विचारलें. भांडीं घासणाऱ्या बाई प्रथम संकोचल्या, मग म्हणाल्या, "कट्टा नको, सर. मोठी पातेली उभ्यानं आवरत नाहीत, मला बसूनच बरं पडतं. तेवढा दिवा लावा, संध्याकाळी राहिलेला साबण दिसत नाही. आणि पावसाचे सपकारे पाठीवर येतात, तिकडून आडोसा करा." सहा वर्षें त्या आमच्या घरीं येत आहेत. पावसाळ्यांत त्यांची पाठ भिजते, हें मला त्या दिवशीं कळलें. जो कट्टा मीं खोडला, तो त्यांना नकोच होता. जें हवें होतें, तें माझ्या कागदावर कधीं आलेंच नव्हतें. दिवा, आडोसा व फरशीला नीट उतार, हें सारें ११,००० रुपयांत झालें; म्हणजे त्या बाबींत ७,००० रुपये उलट वांचले. चकचकीत दारांऐवजीं साधीं दारें घेतलीं, त्यांत ४०,००० राहिले. पंखा व ट्रॉल्या जागच्या जागीं आल्या. ४२,००० ची तूट भरून ५,००० रुपये उरले. ते पुढें कशांत गेले, हें कोणत्याहि गृहस्थास सांगण्याची गरज नाहीं.

अंदाजपत्रक पुरें झाल्यावर त्याची बेरीज आपण दोनदां तपासतों. त्याबरोबरच प्रत्येक खोडलेल्या ओळीपुढें एक नांव लिहून पाहावें: ही उणीव कोण सोसणार? तें नांव आपलें असेल तर खुशाल काट मारावी. दुसऱ्याचें असेल तर आधीं त्याला जाऊन विचारावें. आमचीं साधीं दारें आतां रोज माझ्या खुर्चीसमोर असतात. प्रथम कांहीं दिवस तीं डोळ्यांना खुपलीं, हें मी कबूल करतों. त्या काटकसरीचा तेवढाच भाग माझ्या वांट्याला आला, आणि तो आला हें योग्यच झालें.