आता सांगायचं कुणाला?

मोटार बंद पडणं ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या फार जवळची आहे, हे मला पंचेचाळिशी आल्यावर कळलं. त्याआधी माझ्याकडे मोटारच नव्हती. स्कूटर बंद पडली तर माणूस तिला तिरकी करतो, किका मारतो, प्लग काढून धोतराला किंवा पँटीला पुसतो आणि शेवटी ढकलत नेतो. म्हणजे काहीतरी करतो. मोटार बंद पडली की तो बॉनेट उघडतो आणि आत बघत उभा राहतो. आत काय बघायचं ते ठाऊक नसतं, पण न बघणं बरं दिसत नाही. जाणारे-येणारेही थांबतात आणि गाभाऱ्याकडे बघावं तसे इंजिनाकडे बघतात. मग त्यातला एकजण "बॅटरी असंल" म्हणतो आणि निघून जातो.

माझी मोटार स्टाफ-लोनवर घेतलेली. बँकेतल्या माणसाला कर्ज सवलतीत मिळतं; दुरुस्ती सवलतीत मिळत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून फुटून आमचा हिंगोली जिल्हा झाला. कलेक्टर आले, जिल्हा परिषद आली, पण माझ्या गाडीच्या कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र काही जिल्ह्यात आलं नाही. ते शेजारच्या जिल्ह्यात आहे. बंद पडणाऱ्या गाडीला तिथपर्यंत चालत जावं लागतं, ही त्यातली पहिली अडचण. दुसरी अशी, की ती तिथे पोचली की बंद पडत नाही. रात्रभर रडणारं पोर डॉक्टरांच्या टेबलावर खुदकन हसतं ना, तसं.

चालता चालता गाडी गप्प व्हायची आणि दहा-पंधरा मिनिटांनी, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने सुरू व्हायची. चार वेळा नेली. पहिल्यांदा बॅटरी बदलली, दुसऱ्यांदा फिल्टर, तिसऱ्यांदा सॉफ्टवेअर. (सॉफ्टवेअर बदललं म्हणजे काय केलं ते दिसत नाही, बिल तेवढं दिसतं.) चौथ्या वेळी गाडी अकरा दिवस 'निरीक्षणाखाली' ठेवली. निरीक्षण कोण करत होतं ते मी विचारलं, तेव्हा काउंटरवरचा टाय लावलेला मुलगा म्हणाला, "सर, वर्कशॉप." वर्कशॉपचे फोरमन म्हणाले, "जॉबकार्डावर लिहिलंय तेवढंच आम्ही बघतो. कार्ड काउंटरवाले भरतात." मॅनेजरसाहेब म्हणाले, "वॉरंटीचा निर्णय कंपनीचा." आणि कंपनीच्या फोनवरच्या बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, "सर, दुरुस्ती हा डीलरचा विषय आहे."

इथे मला मिलिंद राजाची आठवण झाली. आमच्या मराठवाड्यात मिलिंद हे नाव सर्वांच्या परिचयाचं. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू केलेल्या महाविद्यालयाला तेच नाव आहे. हा मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात त्याचा आणि भदंत नागसेनांचा संवाद आहे. नागसेन म्हणतात, नागसेन हे नुसतं नाव आहे, आत कायमचा असा कोणी पुरुष नाही. राजा म्हणतो, असं असेल तर शील कोण पाळतं? पाप कोणाला लागतं? तुम्हाला कोणी ठार केलं तर खुनी कोणाला म्हणायचं? त्यावर नागसेन विचारतात, महाराज, आपण कशाने आलात? रथाने. मग अक्ष म्हणजे रथ का? नाही. चाकं? नाही. जू? नाही. मग रथ आहे कुठे? शेवटी राजाच कबूल करतो, की ही सगळी अंगं मिळून जे होतं त्याला व्यवहारात 'रथ' म्हणतात.

नागसेनांना माणसाचा अहंकार सोडवायचा होता. आमच्या सेवा केंद्राने मात्र त्यातला सोयीचा भाग तेवढा उचलला. तक्रार घेऊन जा, की काउंटर म्हणजे कंपनी नव्हे, फोरमन म्हणजे कंपनी नव्हे, मॅनेजर म्हणजे कंपनी नव्हे. रथ कुठेच नाही. बिल द्यायची वेळ आली, की अक्ष, चाकं, जू सगळे एका क्षणात जुळून येतात आणि संपूर्ण रथ शिक्क्यासकट समोर उभा राहतो.

आता मी कॉमर्सचा पदवीधर. मला नागसेन उशिरा भेटले. आधी भेटला तो सॉलोमन. १८९६ सालचा 'सॉलोमन विरुद्ध सॉलोमन' हा खटला बी.कॉम.च्या कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारावा. बूट तयार करणाऱ्या एका गृहस्थाने आपल्याच धंद्याची कंपनी केली, ती बुडाली, आणि इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की कंपनी ही वेगळी व्यक्ती आणि सॉलोमन ही वेगळी व्यक्ती. कंपनीची देणी त्याच्या डोक्यावर नाहीत. परीक्षेत मी हे पानभर लिहिलं होतं. पण कंपनी ही जर व्यक्ती असेल तर तिला बोलायला घरी केव्हा जावं, हे पुस्तकात नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या-तेवढ्यासाठी नागसेन आणि हाउस ऑफ लॉर्ड्स कशाला? म्हणून एक संध्याकाळ सांगतो. आईचा मोतीबिंदू काढून नांदेडहून परत येत होतो. नागनाथाच्या शिखराला हात जोडायचेत असा तिचा हट्ट, म्हणून वसमतवरून आलो. औंढ्याच्या अलीकडे, अंधार पडता पडता, गाडीने मान टाकली. तिच्या डोळ्यावर हिरवी पट्टी, बाजूने हळदीची पोती लादलेले ट्रक धडाधड चाललेले, आणि धूळ नको म्हणून काचा बंद. औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी देवळाने तोंड फिरवलं अशी कथा आहे. आई म्हणाली, "नामदेवासाठी अख्खं देऊळ फिरलं रे, अन् तुझं एवढंसं इंजिन फिरंना." मी हसलो. हेल्पलाइनला फोन लावला. तिने मला तक्रार क्रमांक दिला, चौदा आकडी. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग आता सांगायचं कुणाला?"

पंचवीस मिनिटांनी गाडी आपली आपण सुरू झाली. पण आईचा प्रश्न काही बंद पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी रिसाला बाजारातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. रिसाला म्हणजे घोडदळ. निजामाच्या काळी हिंगोलीला छावणी होती, त्याची ही खूण. तेव्हा इथे घोड्यांचे पाय बघत असतील; आता चाचा मोटारीचं पोट बघतात. त्यांनी यंत्र लावलं नाही. "कब बंद पडती? गरम होने के बाद? खड्डे में?" असं दहा मिनिटं विचारत बसले. मग आत हात घालून एक वायर हलवली. इंजिन बंद. वायर धरली, चालू. बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर सैल होऊन गंजली होती. पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला, दीडशे रुपये घेतले आणि म्हणाले, "साब, फिर बंद पडी तो मेरे कू फोन करना. मैं देखा हूँ."

'मैं देखा हूँ.' चार फेऱ्यांत हे वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं. चाचांचं निदान चुकलंही असतं. मिस्त्री काय, डॉक्टरही चुकतात. पण चुकलं असतं तर जायचं कुठे हे मला माहीत होतं.

सेवा केंद्राला हे कळलं तेव्हा तिथे प्रथमच एकमत झालं: बाहेरच्या माणसाने हात लावला, आता वॉरंटीला अडचण येईल. याबाबतीत मी एकटा नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मिस्त्रींना मिळू देत नाहीत, हे कारण. आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. २०२२ च्या डिसेंबरात, ग्राहक दिनी, केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचं संकेतस्थळही उघडलं. हक्क आहे, हे वाचून बरं वाटलं. औंढ्याच्या रस्त्यावर रेंज येईल तेव्हा आईलाही दाखवीन.

मी स्वतः खिडकीच्या आत बसणारा माणूस आहे. 'सिस्टीम घेत नाही', 'वरून आलं नाही', ही वाक्यं मला आतून ओळखीची आहेत, आणि पुष्कळदा ती खरी असतात. सेनगाव तालुक्यातला म्हातारा पासबुक पुढे करून "मग कुणाला सांगू, साहेब?" म्हणतो, तेव्हा आतल्या माणसाच्या हातात फार थोडं असतं. पण खुर्चीतून उठून त्याच्याबरोबर पुढच्या टेबलापर्यंत जाणं तेवढं असतं. आमचे एक जुने हेड कॅशियर उठायचे. काम होईलच असं नाही, पण म्हातारा घरी जाताना एका माणसाचं नाव घेऊन जायचा.

म्हणून त्या टायवाल्या मुलावर मला नीट रागावता येईना. तो अक्ष, रथ नव्हे. त्यात परवा त्याचा फोन आला. "सर, हेड ऑफिसमधून कॉल येईल. दहापैकी दहा द्या प्लीज. नऊ दिले तरी इन्सेंटिव्ह कापतात." म्हणजे पाहा, वर्षभर ज्या जबाबदारीला कुठेच पत्ता सापडला नाही, तिला शेवटी एक पत्ता सापडला: सगळ्यांत खालच्या खुर्चीचा. कमी गुण द्यावेत तर पोराचे पैसे जाणार आणि वरच्या कागदावर 'कारवाई केली' अशी नोंद होणार. दहा द्यावेत, तर पुढच्या गिऱ्हाइकाला मी लेखी फसवणार. अशा वेळी नागसेन काय म्हणाले असते कोण जाणे. त्यांना गुण मागायला कोणी फोन केला नव्हता.

हेड ऑफिसचा कॉल आला. मी म्हटलं, "मुलाला दहा द्या आणि कंपनीला शून्य."

बाई क्षणभर थांबल्या. "सर, एकच आकडा घेता येतो."

"मग हे दोन आकडे लागतील, असं वर कळवा."

"सर, तसा कॉलम नाही."

"कॉलम कोण करतं?"

"ते दुसरं डिपार्टमेंट आहे, सर."

मी आकडा सांगितला नाही. त्यांनी आभार मानून फोन ठेवला. संध्याकाळी एसेमेस आला: आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.