एका मताने काय होणार?

नगरपालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या दिवशी पुष्कळ सज्जन घरीच बसतात. ‘एका मताने काय होणार?’ असे ते विचारतात आणि आपल्या औदासीन्यास विरक्ती समजतात. वस्तुतः हा प्रश्न फलाशेतूनच उपजतो. फळ दिसत नाही म्हणून जो कर्तव्य टाकतो, तो फळाशीच बांधलेला असतो. कर्मफळाचा हेतू धरू नये असे गीता ज्या श्लोकात सांगते, त्याच श्लोकात ती अकर्माची आसक्तीही निषिद्ध मानते.

शिवाय अकर्मालाही परिणाम असतोच. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या एका प्रभागात दोन उमेदवारांस समान मते पडली आणि निर्णय चिठ्ठी काढून करावा लागला. त्या प्रभागातील जो जो मतदार घरी राहिला, त्याने नकळत आपला अधिकार त्या चिठ्ठीच्या स्वाधीन केला.

पिण्याचे पाणी, रस्त्यावरचा दिवा, गल्लीतील स्वच्छता यांची व्यवस्था कोणाच्या हाती सोपवावी, हे ठरविणे लोकसंग्रहाचेच कार्य होय. मतदाराने विवेकपूर्वक मत द्यावे आणि जय-पराजय समान मानून आपल्या नित्यकर्मास लागावे. हीच खरी अनासक्ती.