डाग धोतरावर नव्हता

माझे वय ७४. मुलाच्या नोकरीमुळे आम्ही नोएडात राहतो. दोन-तीन वर्षे मला सगळे धूसर दिसे आणि मी दिल्लीच्या धुक्याला दोष देई. सूनबाईने धुतलेले धोतर पिवळट दिसले की तिला बोलत असे. ती काही न बोलता ते पुन्हा धुवायची.

अखेर मुलाने दिल्लीला एम्सच्या डॉ. राजेंद्रप्रसाद नेत्रकेंद्रात नेले. तेथे कळले की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वयोमानाने डोळ्यातले भिंग गढूळ होते, पिवळे पडते. चष्मा कितीही पुसला तरी उपयोग नाही. ते भिंग काढून नवे बसवावे लागते.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आलो तर दोरीवर तेच धोतर वाळत होते, पांढरेशुभ्र! देवघरात गेलो. तिथली समई रोज मीच पुसत असे. तिच्यावर मात्र काजळीचा थर होता.

मी म्हणालो, "सूनबाई, माझेच चुकले."

ती हसली. "बाबा, थेंब घालायची वेळ झाली."

बंधू-भगिनींनो, मोतीबिंदू दुखत नाही, हळूहळू वाढतो, म्हणून ज्याचा त्याला कळत नाही. अहंकाराचेही तसेच आहे. दुसऱ्यात डाग दिसला की आधी आपले भिंग तपासून घ्यावे. ते आपल्याला स्वतःला दिसत नाही. त्यासाठी जाणत्यापुढे डोळा उघडून बसावे लागते. देव आपल्याला एवढी नम्रता देवो, हीच प्रार्थना.