तेल, सरपण आणि शेजारी

दहा कुमारींच्या दृष्टांतावर प्रवचन करून मी एकदा देवळाच्या दारात उभा होतो. एक वृद्ध बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "फादर, त्या शहाण्या पोरींनी थोडं तेल दिलं असतं, तर त्यांचं काय बिघडलं असतं?" मी हसून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न मनातून गेला नाही. ज्याने वेळीच तरतूद केली, त्याने तरतूद न करणाऱ्यासाठी आपले भांडार उघडावे काय? दूरदृष्टी आणि शेजारप्रीती समोरासमोर उभ्या ठाकल्या, तर आपण कोणाचे ऐकावे?

कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या खेड्यापाड्यांना १९९८ च्या जानेवारीत या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष कृतीने द्यावे लागले. आपल्याकडे वीज गेली की पंखा थांबतो, मेणबत्ती शोधावी लागते आणि आपण कुरकुरतो. तिकडच्या हिवाळ्यात मात्र विजेचा संबंध थेट प्राणाशी असतो. त्या वर्षी ५ ते १० जानेवारी या काळात तेथे गोठणारा पाऊस पडत राहिला. उंचावर उबदार हवेचा थर आणि जमिनीलगत शून्य अंशाखालील हवा असली, म्हणजे पावसाचा थेंब पाण्याच्या रूपातच खाली येतो आणि तारेला वा फांदीला स्पर्श होताच गोठतो. मोंट्रियलच्या दक्षिणेस काही ठिकाणी असा वर्षाव १०० मिलिमीटरच्या घरात गेला. बर्फाच्या भाराने हजारो लाकडी खांब मोडले आणि पोलादी मनोरे ओळीने आडवे झाले. सुमारे १४ लाख ग्राहकांची, म्हणजे ३० लाखांहून अधिक माणसांची वीज गेली. ग्रँबी, सँ-यासँत आणि सँ-जाँ-सुर-रिशल्यू यांच्यामधील टापूला तर 'काळा त्रिकोण' असेच नाव पडले. तेथील काही घरांत महिनाभर वीज आली नाही.

जलविद्युत मुबलक असल्यामुळे त्या प्रांतातील बहुतेक घरे विजेवरच तापवली जातात. खेड्यातील घराला विहिरीचे पाणी पुरवणारा पंपही विजेचाच. त्यामुळे उजेड, ऊब आणि पाणी ही तिन्ही एकदमच नाहीशी झाली. मात्र ज्यांनी लाकडावर चालणारी जुनी लोखंडी शेगडी मोडीत घातली नव्हती आणि हिवाळ्यापूर्वी सरपण फोडून रचून ठेवले होते, त्यांची घरे उबदार राहिली. दृष्टांतातील शहाण्या कुमारींच्या जागी आता हे लोक होते आणि त्यांच्या दारावर थाप पडत होती.

अनेकांनी दार उघडले. इतर खोल्या बंद करून शेगडीच्या एका खोलीत दोन-दोन, तीन-तीन कुटुंबे झोपू लागली. शेगडीवरच अन्न शिजे, तेथेच बर्फ वितळवून पाणी होई. दूधव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्यांची अडचण तर निराळीच होती. यंत्राची सवय लागलेल्या गायींचे दूध वेळेवर काढले नाही, तर कासेला सूज येऊन जनावर आजारी पडते. तेव्हा ज्याच्याकडे जनरेटर होता त्याने आपल्या गायींचे दूध काढून झाले की तो शेजाऱ्याच्या गोठ्यावर न्यावा, तेथून पुढच्या, असा क्रम सुरू झाला. डेअऱ्या बंद पडल्याने लाखो लिटर दूध ओतून द्यावे लागले.

येथे मला त्या बाईंच्या प्रश्नाचा धागा सापडला. तेल वाटले की घटते. म्हणूनच आपण दिले तर कोणालाच पुरणार नाही, ही शहाण्या कुमारींची भीती अगदीच खोटी नव्हती. पण शेगडीची ऊब तेलासारखी नाही. चौघांसाठी जेवढे सरपण जळते, तेवढ्यातच बारा माणसे ऊब घेतात. उलट प्रत्येकाच्या अंगची ऊब त्या खोलीत भर घालते. काही वस्तू वाटल्याने संपतात, काही वाटल्याने संपत नाहीत. पहिल्या प्रकारच्या वस्तू सांभाळून वापराव्या लागतात. त्याबद्दल विवेकाला दोष देता येणार नाही. मात्र दुसऱ्या प्रकारच्या वस्तू दाराआड ठेवण्यासाठी विवेकाचे नाव पुढे करणे ही आपली पळवाट आहे.

विवेकाची गरज याने संपत नाही. त्याच दिवसांत बंद जागेत जनरेटर वा कोळसा पेटवल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडने काही माणसे दगावली. घर सोडून आसऱ्याला जायचे नाही, म्हणून अनेक वृद्ध गारठलेल्या घरातच अडून बसले. देणाऱ्याला दार उघडावे लागते, तसेच घेणाऱ्यालाही आपला मान बाजूला ठेवून दुसऱ्याचे दार ठोठवावे लागते. आपल्यापैकी कित्येकांना हे दुसरे अधिक कठीण जाते.

दृष्टांतातील तेल म्हणजे अंतःकरणाची सिद्धता, आणि ती उसनी देता येत नाही, हे खरेच. परंतु तो अर्थ ओढून आपण आपल्या कोठीला कुलूप लावतो, तेव्हा दृष्टांताचा आधार घेण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

त्या बाई आता हयात नाहीत. असत्या, तर मी त्यांना म्हटले असते, "बाई, तेल देणे कदाचित जमले नसते, पण 'आमच्या दिव्यांच्या उजेडात आमच्याबरोबर चला' एवढे तरी त्या पोरी म्हणू शकल्या असत्या." वाचकहो, आपल्या घरी असा न घटणारा उजेड कोणता आहे आणि तो आपण कोणापासून राखून ठेवला आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.