भय वाटणे आणि भयाच्या आज्ञेत वागणे

नाताळाचा सण जवळ आला आहे. ह्या दिवसांत आपल्या मंडळ्यांतून लूक व मत्तय ह्यांच्या शुभवर्तमानांतील जन्मकथा पुन्हा वाचल्या जातील. त्या कथांत एकच आज्ञा चार वेळा आली आहे. मंदिरात धूप जाळणारा वृद्ध जखऱ्या, नासरेथ गावची मरीया, स्वप्न पाहणारा योसेफ, आणि रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ, ह्या सर्वांस देवदूताने भिऊ नये असे सांगितले. ही आज्ञा ऐकून पुष्कळ साधे विश्वासणारे आनंद करण्याऐवजी खिन्न होतात. ते म्हणतात, "आम्हांस तर भय वाटते. पोर तापाने फणफणले म्हणजे वाटते, सावकार दारी आला म्हणजे वाटते, अंधारात ओढ्याकाठून येताना वाटते. तर मग आमचा विश्वास खोटा आहे काय?" हा प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो, म्हणून त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम हे पाहावे की, दूताच्या शब्दाने भयाचे कारण नाहीसे झाले काय? मुळीच नाही. मरीयेस लोकनिंदेचा धोका होता, तो तसाच राहिला. देशावर रोमी लोकांचा अंमल होता, तोही राहिला. हेरोदाच्या हाती तरवार होती, ती म्यानात गेली नाही. तेव्हा ही आज्ञा म्हणजे तुमच्यावर काही संकट येणार नाही अशी हमी नव्हे. पुढे गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू येशू अति व्याकूळ झाला, आणि त्याच्या ठायी तर पाप नव्हते. ह्यावरून भय वाटणे हे पाप नव्हे असे आम्ही निश्चयाने म्हणतो. शेतात राखणदार ठेवलेला असतो, तसे देवाने हे भय आपल्या देहात ठेवले आहे. काही खुडबुडले की राखणदाराने ओरडावे, हे त्याचे कामच आहे. परंतु पुढे काय करावे हे शेताच्या धन्याने ठरवावयाचे असते, राखणदाराने नव्हे.

योसेफाचेच उदाहरण घ्या. भिऊ नको असे ज्यास सांगितले होते, तोच योसेफ मिसर देशातून परतताना पुन्हा भ्याला. हेरोदाचा पुत्र अर्खेलाव यहूदीयात राज्य करीत आहे असे त्याने ऐकले, आणि तिकडे जाण्यास तो कचरला. देवाने त्याची कानउघाडणी केली काय? नाही. उलट स्वप्नात सूचना देऊन त्यास गालीलाकडे वळविले. म्हणजे सावधगिरी हा अविश्वास नव्हे. रब्बीच्या दिवसांत रात्रीच्या विजेवर पाणी धरावयास जाणारा शेतकरी बिबट्याच्या भयाने हाती बत्ती घेतो व सोबतीला एकास नेतो, त्यास कोणी अल्पविश्वासी म्हणू नये. त्याने राखणदाराचे ऐकले, आणि शेतास पाणीही दिले.

आता दुसऱ्या मनुष्याकडे पाहू. नाताळाच्या कथेत सर्वांहून अधिक भ्यालेला कोणी असेल तर तो हेरोद राजा. त्याच्यापाशी वाडे होते, सैन्य होते, खजिना होता. तरी मागी लोकांच्या तोंडून एका बालकाची वार्ता ऐकताच तो घाबरून गेला. मेंढपाळ भ्याले, आणि हेरोदही भ्याला. दोघांत भेद तो काय? मेंढपाळ भ्याले, तरी उठून बेथलेहेमास गेले व बालकास पाहून देवाचे स्तवन करीत परतले. हेरोद भ्याला, आणि त्याने बेथलेहेमास मारेकरी पाठवून दोन वर्षांची व त्यांहून लहान मुले मारविली. दोघांचेही भय खरे होते. परंतु मेंढपाळांनी भय वाटत असता देवाचे ऐकले, व हेरोदाने भयालाच देव केले.

हे आम्ही राजेलोकांविषयी लिहीत नाही. गावात दोन मुले पाठोपाठ दगावली की कोणा एकट्या विधवेवर करणी केल्याचा आळ येतो. तिला पाणी भरू देत नाहीत, कोठे कोठे तिला मारहाण होते. असा आळ घेऊन छळणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायदा मनुष्याच्या अंतःकरणात शिरू शकत नाही. आळ घेणारे सर्वच दुष्ट असतात असे नाही. पुष्कळ जण केवळ भ्यालेले असतात. आणि खेदाची गोष्ट ही की, अशा वेळी आपल्या मंडळीतील लोकही कधी कधी तिच्या दारावरून मान खाली घालून जातात. ते तिला धोंडा मारीत नाहीत हे खरे, परंतु मारणाराचा हातही धरीत नाहीत. भयाचे मोठे पाप हे की, ते दुर्बळावर उलटते.

मग विश्वास काय करतो? तो भयाच्या मुळावर घाव घालतो. भय मनात असे बोलते की, "तुझे रक्षण करणारा तुझ्यावाचून कोणी नाही, म्हणून आधी स्वतःस वाचीव." नाताळाची वार्ता ह्याचेच उत्तर आहे. देव आपल्याजवळ आला, तो फौज घेऊन आला नाही. ज्यास स्वतःचे रक्षण करता येत नाही असे तान्हे बालक होऊन तो गव्हाणीत निजला. जो असा आला, तो आम्हांस संकटात सोडून जाणार नाही. ही खातरी ज्यास पटली, त्याचे काळीज धडधडेल, परंतु त्याचे पाय थांबणार नाहीत.

ह्याचा एक दाखला जर्मनी देशाच्या इतिहासात आहे. डीट्रिख बॉनहॉफर नावाचे पाळक हिटलरच्या जुलुमास विरोध केल्यामुळे एप्रिल १९४३ मध्ये धरले गेले. त्या वर्षीचा नाताळ त्यांनी बर्लिन येथील टेगेलच्या तुरुंगात काढला. शहरावर बाँबगोळे पडत होते. अशा स्थितीत त्यांनी सोबतच्या कैद्यांसाठी प्रार्थना लिहून दिल्या. लोकांस ते शांत व धीट दिसत, परंतु आपण आत किती अस्वस्थ व थकलेले आहो हे त्यांनी १९४४ मध्ये स्वतः लिहून ठेविले आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांस फाशी देण्यात आले. भय त्यांस सोडून गेले नव्हते, पण त्यांच्यावर त्याची सत्ता चालली नाही.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, ह्या सणात भित्र्या मनुष्यास लाजवू नका. त्याजबरोबर चाला. गावात ज्या घरी क्षयाचा रोगी आहे व जेथे कोणी बसावयास जात नाही, तेथे दोघे मिळून जा. अंगणात मोकळ्या हवेत बसा, ही सावधगिरी योग्यच आहे. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, हेही त्या घरी सांगा. ज्या विधवेवर आळ आला आहे, तिच्या घरी फराळाचे ताट घेऊन दिवसाउजेडी, सर्वांच्या देखत जा. छाती धडधडली तर धडधडू द्या. मेंढपाळांचीही धडधडत होती.

प्रिय वाचकहो, उपासना झाल्यावर प्रत्येकाने आपल्या मनास एक प्रश्न विचारावा: भयामुळे मी कोणाचे दार टाळीत आलो आहे? त्या दारी जाणे हेच ह्या वर्षी आपले बेथलेहेमास जाणे होय. तेथवर जाण्याचे बळ प्रभू आपणां सर्वांस देवो.