पाकाचा रंग

कच्चा घडा काळपट असतो, भट्टीतून निघतो तो लाल. मधल्या वेळात नेमकं झालं काय, यावर वैशेषिक आणि नैयायिक शतकानुशतकं भांडले. वैशेषिक म्हणतात, अग्नीच्या संयोगाने घडा परमाणूंपर्यंत सुटा होतो, परमाणूंचा जुना रंग जाऊन नवा येतो आणि मग त्यांचाच घडा पुन्हा जुळतो. हा पीलुपाक. नैयायिकांना हे अजिबात मान्य नाही. भट्टीच्या भोकातून डोकावून बघा, घडा जागच्या जागी आहे. त्याच्यावर रचलेले घडेही कोसळलेले नाहीत. तेव्हा अख्खा घडाच रंग बदलतो. हा पिठरपाक. तर्कसंग्रह शिकवताना मी हा वाद दरवर्षी फळ्यावर मांडायचे. मुलं परीक्षेपुरता उतरवून घ्यायची. निवृत्त होऊन मिलवॉकीला मुलाकडे राहायला आले, तर तोच वाद त्याच्या गॅसवरच्या पातेल्यात उकळत होता.

मुलगा घरी गव्हाची बिअर करतो. इथे अमेरिकेत १९७८च्या कायद्याने त्याला मुभा आहे, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. जव-गहू भिजवून, मोड आणून, गरम पाण्यात मुरवून साखर काढण्याइतका वेळ त्याला नाही, म्हणून तो डब्यातला तयार अर्क, मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट, आणतो. त्याला हवी होती बव्हेरियन पद्धतीची, फिकट पिवळी, जराशी गढूळ. झाली तांबूस. "आई, सगळं पुस्तकात दिल्याप्रमाणे केलं, मग रंग का उतरत नाही?"

मी पीत नाही, त्यामुळे चवीवर बोलायचा मला अधिकार नाही. रंगावर आहे. माझं माहेर गुऱ्हाळाचं.

डब्यातला तो दाट अर्क पाहिला आणि मला काकवीच आठवली. फरक एवढाच की काकवी आमच्या डोळ्यांदेखत व्हायची आणि हा अर्क कारखान्यात आटवून, डब्यात भरून, दुकानाच्या फळीवर कित्येक महिने बसून आलेला. रंगाची निम्मी गोष्ट इथेच संपते. साखर आणि अमिनो आम्लं एकत्र आली की तपकिरी रंग धरतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही प्रक्रिया मांडली. उष्णतेने ती भराभर होते, पण साध्या खोलीच्या तापमानालाही थांबत नाही. म्हणजे डबा नुसता पडून असला तरी आतला अर्क काळवंडतच असतो. त्याच अर्काच्या कोरड्या भुकटीत पाणी फारच कमी असल्यामुळे ती बरीच टिकते. कार्य कारणात आधीपासूनच असतं, हा सांख्यांचा सत्कार्यवाद मला कधी फार भावला नाही, पण डब्याच्या बाबतीत तो खरा आहे: जो रंग अर्कात आलेला आहे तो बिअरमध्ये येणारच.

आता पातेलं. तर्कसंग्रहाचा कर्ता अन्नंभट्ट सात रूपं सांगतो: शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र. मुलाला पीत हवं होतं, मिळालं कपिश. तर्कसंग्रहातली दुसरी गोष्ट त्याहून उपयोगाची. पाकाने, म्हणजे अग्नीच्या संयोगाने, गुण बदलतात ते फक्त पृथ्वीचे. पाण्याचं शुक्ल रूप अग्नीने बदलत नाही. पातेल्यात पृथ्वी म्हणजे साखर आणि प्रथिनं. मुलगा पाच गॅलन बिअरसाठी सगळा अर्क अडीच गॅलन पाण्यात तासभर उकळायचा आणि वर गार पाणी ओतायचा. थोड्या पाण्यात तेवढाच अर्क, म्हणजे रंग धरणारी द्रव्यं एकमेकांना खेटून. त्यात अर्क जड, घातल्या घातल्या तळाला बसतो आणि करपतो. उपाय त्यातूनच निघतो. झेपेल तितकं जास्त पाणी घ्यायचं. हॉप्सचा कडूपणा उतरायला लागेल तेवढाच थोडा अर्क सुरुवातीला, बाकीचा शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत. आणि घालताना पातेलं आचेवरून उतरवायचं, विरघळेपर्यंत ढवळायचं. उजळ रंग घालता येत नाही. जाळ आवरता येतो, एवढंच आपल्या हातात.

पण पाकाने रूप एकटं बदलत नाही. रूप, रस, गंध, स्पर्श हे चारही पाकज गुण आहेत. उशिरा घातलेल्या अर्काची बिअर फिकट तर होतेच, शिवाय करपट गोडवाही कमी लागतो, असं मुलगा सांगतो. रंग इथे चवीचा साक्षीदार आहे. गुऱ्हाळात आमचा गुळव्या काहिलीतल्या फेसाच्या रंगावरून चुलवाणात चिपाडं सारणाऱ्याला हाक मारायचा, "जाळ वढ!" भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी तो निवांत काढायचा, पण चटका लागायच्या बेतात असला की त्याला कुणी बोललेलं खपत नसे. नंतर नंतर व्यापाऱ्यांना पिवळाधमक गूळ हवासा झाला आणि काहिलीत हायड्रॉसची पूड पडू लागली. रंग उजळला, रस होता तोच राहिला. वडील त्याला गुळाचा मेकअप म्हणायचे. मी म्हणेन, साक्षीदार फोडला.

शुद्धतेच्या नावाखाली सोय पाहणं आपल्याकडचंच आहे असंही नाही. बव्हेरियात १५१६च्या फर्मानाने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच चालेल असं ठरवलं. गव्हाला त्यात जागा नव्हती. तरी गव्हाची बिअर व्हायची, कारण एका सरदार घराण्याकडे तिचा खास हक्क होता. १६०२ साली ड्यूक माक्सिमिलियानने तो स्वतःकडे घेतला आणि राजघराण्याला त्यातून बक्कळ पैसा मिळाला. शुद्धतेचे नियम करणारे अपवाद कुणासाठी राखतात, हे वेगळं सांगायला नको.

पुन्हा रंगाकडे. एका ठिकाणी मात्र वैशेषिक आणि नैयायिक दोघांनाही थांबावं लागतं. काचेच्या मोठ्या बरणीत आंबत असलेली बिअर गडद दिसते, तीच पेल्यात ओतली की दोन छटा उजळ. पाक झालेला नाही, अग्नी जवळपासही नाही. प्रकाशाला बरणीत जास्त जाडीतून जावं लागतं, पेल्यात कमी. शिवाय गव्हाची प्रथिनं आणि यीस्ट यांच्या गढूळपणामुळे प्रकाश विखुरतो. वेदान्त्यांचा स्फटिक जास्वंदीशेजारी लाल दिसतो, तो रंग स्फटिकाचा नव्हे, उपाधीचा, म्हणजे शेजारच्या फुलाचा. मुलगा बरणीकडे बघून हळहळत होता, त्याला मी सांगितलं, पेल्यात ओतेपर्यंत निकाल देऊ नकोस. अग्नीने दिलेला रंग वस्तूचा झाला. भांड्याने दिलेला भांडं बदललं की जातो.

राहता राहिला मूळ वाद. घड्यापुरते मला नैयायिक पटतात. डोळ्यांसमोर उभा असलेला घडा मोडून पुन्हा जुळला, हे मानायला मी तयार नाही. पातेल्यापुरते मात्र वैशेषिक जिंकतात. साखर आणि अमिनो आम्लं खरोखरच तुटतात, नव्याने जुळतात आणि जे तयार होतं ते ना साखर ना आम्ल. म्हणून ते परत फिरवता येत नाही.

मुलाची पुढची बिअर ताज्या कोरड्या भुकटीची होती, पिवळी झाली. तुमच्यापैकी कुणी बिअर करत असेल तर भुकटी घ्या आणि घाई करू नका. बाकीच्यांना एवढीच विनंती: बाजारात कोल्हापुरी गूळ घेताना पिवळाधमक मागू नका, काळपट दिसला तरी आधी खडा तोंडात टाकून बघा.